पेनिसिलिनची सुई : घेण्याआधी सांगा, घेतल्यावर थांबा



गाळप हंगाम लागला की कोयत्याची जखम, पाचटाने कापलेले हात, टोळीतल्या पोरांचे दुखणारे घसे हे आलेच. मग कुणीतरी म्हणतो, "एक सुई मारून घे, उद्या कामावर ये." त्या सुईविषयी चार शब्द सांगावेत म्हणून हा लेख. मी ऊसविकास अधिकारी, डॉक्टर नव्हे. पण ही गोष्ट आमच्या घरात घडली, म्हणून सांगतो.

माझे मूळ गाव कशेळे, तालुका कर्जत. तिकडे ऊस नाही, भात. काही वर्षांपूर्वी ऐन आवणीत माझ्या चुलत्यांच्या पायात काटा मोडला आणि पाय सुजला. आवणी सोडून लांब जायला वेळ कुणाला? त्यांनी जवळच एका खाजगी ठिकाणी पेनिसिलिनची सुई घेतली आणि लगेच घरची वाट धरली. अर्ध्या वाटेत अंगाला खाज सुटली, ओठ सुजले, श्वास कोंडला आणि ते बांधावरच आडवे झाले. लोकांनी जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रेनलिनची सुई दिली, म्हणून माणूस वाचला. मागाहून काकू म्हणाली, "मागच्या खेपेलापण सुईनंतर अंगावर गांधी उठल्या होत्या की!" सुई देणाऱ्याने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

याचा अर्थ औषध वाईट, असा मात्र नव्हे. १९२८ साली फ्लेमिंग यांनी बुरशीत हे औषध ओळखले. आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभा राहिला आणि १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. या औषधाने असंख्य जीव वाचवले. वापरण्याची रीत तेवढी पाळली पाहिजे.

सुई घेण्याआधी डॉक्टरांना आपण होऊन सांगावे : पूर्वी पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन किंवा त्या जातीच्या कोणत्याही औषधाने गांधी, सूज, धाप असे काही झाले होते का, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे का, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, बाई गरोदर आहे का. चाचणीची सुई निर्धोक गेली म्हणून पूर्ण खात्री झाली, असे समजू नये. सिरिंज आणि सुई नवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेली असावी. अ‍ॅड्रेनलिन हाताशी नसेल तिथे ही सुई घेऊच नये.

सुई घेतल्यावर किमान अर्धा तास दवाखान्यातच बसावे. जीवघेणी रिअ‍ॅक्शन बहुतेक वेळा काही मिनिटांतच सुरू होते. खाज, गांधी, ओठ-जीभ सुजणे, घसा आवळणे, धाप, चक्कर यांपैकी काहीही झाले तर तत्काळ ओरडून सांगावे. घरी आल्यावर असे झाले तर १०८ ला फोन करावा. रोग्याला आडवे करून पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर बसते ठेवावे. उभे करू नये, चालवू नये. पुढे काही दिवसांनी पुरळ उठले किंवा जोराचे जुलाब लागले, तरी डॉक्टरांना कळवावे.

पेनिसिलिन सगळे एकच नसते. साधे बेंझिल पेनिसिलिन लवकर उतरते, म्हणून दिवसातून अनेकदा द्यावे लागते. बेंझाथीन पेनिसिलिन स्नायूत खोल देतात आणि ते आठवडे टिकते. हे शिरेत गेले तर प्राणावर बेतते. सबब, उरलेली कुपी घरी आणून कुणाकडूनही टोचून घेणे म्हणजे जिवाशी खेळ.

आता टोळीच्या मुकादमांसाठी व सभासदांसाठी महत्त्वाचे. पोरांचा घसा विशिष्ट जंतूंनी वारंवार धरला आणि उपचार झाला नाही, तर काहींना सांध्यांचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. अशा मुलाला डॉक्टर साधारण दर २१ दिवसांनी बेंझाथीनची सुई वर्षानुवर्षे द्यायला सांगतात. टोळी गाव सोडून फडावर येते आणि नेमकी तीच सुई चुकते. आपण उसाच्या पाण्याची पाळी चुकवत नाही, मग पोराच्या सुईची पाळी का चुकावी? आपल्या फडावर असे मूल आहे का, हे विचारावे, त्याचे कार्ड पाहावे आणि तारखेला त्याला सरकारी दवाखान्यात पाठवावे.

शेवटी दोन गोष्टी. सर्दी-पडसे, फ्लू, डेंग्यू यांवर पेनिसिलिन चालत नाही. उगाच मागू नये. आणि डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध पुरे करावे. फवारणी अर्धवट सोडली की उरलेली कीड पुढे औषधाला दाद देत नाही. जंतूंचेही तसेच आहे.

चुलते आता बरे आहेत. त्यांच्या खिशात एक चिठ्ठी असते : "मला पेनिसिलिन चालत नाही." ज्याच्या घरी असा माणूस असेल त्याने आजच अशी चिठ्ठी लिहून ठेवावी, ही विनंती. कळावे.