‘सुपरस्टिशन’ : एका गाण्याची घडण

एखादें गाणें बघतां बघतां सर्वांच्या तोंडीं झालें, कीं त्याच्या यशाचें श्रेय बहुधा दैवाला दिलें जातें. गायकाचे ग्रह अनुकूल होते, वेळ साधली, लोकांची लहर लागली, असें म्हणून माणसें मोकळीं होतात. अमेरिकेंतील विख्यात गायक-वादक स्टीव्ही वंडर यांचें ‘सुपरस्टिशन’ हें गाणें या समजुतीची परीक्षा पाहण्यास फार सोयीचें आहे. सन १९७२ च्या ऑक्टोबरांत त्याची तबकडी निघाली, आणि २७ जानेवारी १९७३ च्या ‘बिलबोर्ड’ यादींत तें अमेरिकेंतील सर्वांत लोकप्रिय गाणें ठरलें. त्याच्या नांवाचा अर्थ अंधश्रद्धा. कार्यकारण न जाणतां बाळगलेली भीति माणसाचा घात करते, हा त्याचा आशय. असल्या गाण्याचें यश तरी दैवावर सोपवूं नये. तें कसकसें घडलें, हें पुष्कळसें उलगडून पाहतां येतें.

स्टीव्ही वंडर यांचा जन्म १३ मे १९५० रोजीं मिशिगन राज्यांतील सॅगिनॉ या गांवीं झाला. दिवस पुरे भरण्यापूर्वींच जन्मलेल्या या बालकाला उबदार पेटींत ठेवून प्राणवायु देण्यांत आला. जीव वाचला, पण दृष्टि गेली. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाच्या डोळ्यांतील कोंवळ्या रक्तवाहिन्या अतिरिक्त प्राणवायूनें विकृत होतात, हें त्या वेळीं डॉक्टरांना नीट उमगलें नव्हतें. पुढच्या चार-पांच वर्षांत तें सिद्ध झालें. अशा अंधत्वाला कोणी पूर्वसंचित म्हणतो, कोणी दृष्ट लागली म्हणतो. वस्तुतः त्याला कारण होतें, आणि तें शोधल्यावर पुढच्या कित्येक बालकांचे डोळे वाचले. ज्याच्या आयुष्याचा आरंभच असा झाला, त्यानें अंधश्रद्धेवर गाणें रचावें, यांत एक औचित्य आहे.

बालपण डेट्रॉइट शहरीं गेलें. अकराव्या वर्षीं, म्हणजे १९६१ सालीं, तेथील मोटाउन या कंपनीनें या मुलाशीं करार केला. तेराव्या वर्षीं त्याची पहिली तबकडी देशांत अग्रस्थानीं गेली. पण मोटाउनची पद्धति कारखान्यासारखी होती. गीतकार निराळे, वादक निराळे, गाणें कसें व्हावें हें ठरवणारे निराळे. गायकानें येऊन गावें आणि जावें. सन १९७१ मध्यें वंडर एकवीस वर्षांचे झाले आणि जुना करार संपला. तेव्हां त्यांनीं घाईनें सही केली नाहीं. आपलीं गाणीं आपणच रचूं, वाजवूं आणि मुद्रित करूं, हें मान्य करवून घेतल्यावरच ते मोटाउनशीं पुन्हां बांधले गेले. हें स्वातंत्र्य नसतें, तर ‘सुपरस्टिशन’ त्या स्वरूपांत जन्मलेंच नसतें.

त्या सुमारास रॉबर्ट मार्गुलेफ व माल्कम सेसिल या दोघां तज्ज्ञांनीं अनेक विद्युत्-स्वरयंत्रें एकत्र जोडून ‘टॉन्टो’ नांवाचें प्रचंड यंत्र उभें केलें होतें. वंडर त्यांच्याकडे गेले आणि तिघांचें काम रात्रंदिवस चालूं लागलें. न्यूयॉर्कमधील इलेक्ट्रिक लेडी या ध्वनिमुद्रणगृहांत ‘टॉकिंग बुक’ या संग्रहाचीं गाणीं तयार होत असतां जेफ बेक हे इंग्लंडचे नामांकित गिटारवादक तेथें आले. बेक यांनीं वंडर यांच्या गाण्यांत साथ करावी आणि वंडर यांनीं बेक यांना एक गाणें रचून द्यावें, असें ठरलें होतें. बेक यांनीं पुढें सांगितलेली हकीकत अशी : एके दिवशीं ते सहज ड्रमपाशीं बसून एक ठेका वाजवीत होते. वंडर आंत आले, थांबूं नका म्हणाले, आणि त्या ठेक्यावर तेथल्या तेथेंच सुरावट बांधूं लागले. गाण्याचें बीज तें.

मुद्रण झालें तेव्हां मात्र ड्रम स्वतः वंडर यांनींच वाजवले. प्रारंभीं दुसरें कोणतेंहि वाद्य नाहीं, नुसता ड्रमचा ठेका आहे. मिनिटाला सुमारें शंभर मात्रांची ही लय. फार धांवती नाहीं आणि रेंगाळणारीहि नाहीं. मोठा ढोल प्रत्येक मात्रेवर पाऊल टाकतो, लहान ढोल दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आघात करतो, आणि पायानें मिटणाऱ्या झांजा मधल्या जागा किंचित् झोका देत भरून काढतात. त्या झोक्यामुळें ठेका यंत्रवत् वाटत नाहीं. ज्याला फंक म्हणतात त्या संगीतप्रकाराचें मर्म येथेंच आहे. जेम्स ब्राउन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत हा प्रकार रुजवला, तेव्हां आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला त्यांनीं असाधारण महत्त्व दिलें. मराठी श्रोत्याला हें सांगणें सोपें आहे : सर्वांनीं निरनिराळ्या वाटांनीं फिरून यावें, पण सम चुकवूं नये.

ठेक्यावर जें टणत्कारी, काहींसें खरखरीत वाद्य येतें, तें गिटार आहे असा पुष्कळांचा समज होतो. तें क्लॅव्हिनेट. जर्मनींतील होनर कंपनीसाठीं अर्न्स्ट झाखारियास यांनीं तें तयार केलें. घरच्या घरीं जुनें युरोपीय संगीत वाजवणें सोयीचें व्हावें, एवढाच मूळ हेतु. त्याला पट्ट्या पेटीसारख्या, पण आंत भाता नाहीं. साठ पट्ट्यांना साठ तारा आहेत. पट्टी दाबली कीं तिच्या खालचें रबराचें बोंडूक तारेवर आघात करतें आणि तारेचें कंपन चुंबकांच्या साह्यानें विद्युत्-रूपांत बाहेर पडतें. पट्टी सोडतांच नाद तुटतो. हा तुटक नाद वंडर यांनीं ठेक्याच्या कामीं लावला. एकाच वाद्याचे अनेक थर त्यांनीं स्वतः वाजवून एकावर एक मुद्रित केले, आणि ते एकमेकांत असे गुंतवले कीं एकाच्या विश्रांतींत दुसरा बोलतो. खर्जाचा आधारहि त्यांचाच, मूग नांवाच्या विद्युत्-स्वरयंत्रावर वाजवलेला. इतरांचीं वाद्यें दोनच : स्टीव्ह मडाइओ यांचा ट्रंपेट आणि ट्रेव्हर लॉरेन्स यांचा सॅक्सोफोन. तीं मागाहून येतात आणि क्लॅव्हिनेटला सवाल-जबाबांतल्यासारखें उत्तर देतात.

स्वरांची योजना तर पेटी वाजवणाऱ्याला लगेच ध्यानांत येईल. गाण्याचा षड्ज काळी दोनवर आहे. तेथून कोमल गांधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद घेतले, म्हणजे धानी रागाचे पांच मुख्य स्वर होतात. आणि ते पांचही काळ्या पट्ट्यांवर पडतात. क्लॅव्हिनेटचें मुख्य वळसेदार पद बहुतेक या पांच स्वरांतच फिरतें. काळ्या पट्ट्या उंचावलेल्या असतात, दोन व तीन अशा गटांनीं बसवलेल्या असतात, त्यामुळें त्या स्पर्शानें चटकन ओळखूं येतात. न पाहतां वाजवणाऱ्या हाताला ही जागा घरासारखी आहे. अर्थात् येथें राग मांडलेला नाहीं. केवळ स्वर तेच आहेत.

कडव्यांत हें गाणें बराच वेळ षड्जाच्या आधारावरच उभें असतें, जणूं तंबोरा लावून ठेवला आहे. ध्रुवपद जवळ आलें कीं मात्र पाया हलतो. आधारस्वर पंचमावर जातो, तेथून कोमल धैवतावर चढतो, फिरून पंचमावर येतो, आणि तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर उतरतो. प्रत्येक पायरीवर अनेक स्वरांचा एकेक गुच्छ एकाच वेळीं वाजतो. ही चाल श्रोत्याला पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. अज्ञानांतून आलेल्या विश्वासाचा इशारा नेमका याच ठिकाणीं गायला आहे. मग पंचमावर टेकून गाणें षड्जावर परततें, ठेका पूर्ववत् सुरू होतो, आणि मन सुटकेचा श्वास टाकतें. शब्दांत जो धोका सांगितला, तोच स्वरांत अनुभवास आणून दिला आहे.

शब्दहि रोजच्या व्यवहारांतले आहेत. फुटलेला आरसा, त्यापायीं येणारीं सात वर्षांचीं संकटें, पडूं पाहणारी शिडी, तेराचा आंकडा, हे तिकडचे अपशकुन. मराठी माणसाला आरशाचें भय कळावयास वेळ लागत नाहीं, कारण त्याच्या पदरीं साडेसात वर्षांची साडेसाती आहेच. या भीतींना हसण्यासाठीं वंडर यांनीं प्रवचन केलें नाहीं. नाचावयास लावणारा ठेका दिला. उपदेश कानांत शिरण्यापूर्वीं पाय हलूं लागतात, आणि म्हणूनच उपदेश ऐकून घेतला जातो.

यशाला आणखी एक व्यावहारिक कारण होतें. सन १९७२ च्या उन्हाळ्यांत रोलिंग स्टोन्स या इंग्रज संचाच्या अमेरिकेंतील दौऱ्यांत वंडर पहिला कार्यक्रम करीत. त्यामुळें एरव्हीं कृष्णवर्णीय गायकांकडे न वळणारा गोरा तरुण श्रोतृवर्ग त्यांच्या परिचयाचा झाला. नऊ वर्षांहून अधिक काळानें त्यांचें गाणें पुन्हां अग्रस्थानीं आलें. सन १९७४ मध्यें याच गाण्यासाठीं त्यांना ग्रॅमीचे दोन पुरस्कार मिळाले, एक गायनाचा आणि एक रचनेचा.

या यशाची किंमत मात्र दुसऱ्या कोणी दिली. गाणें बेक यांना द्यावयाचें होतें. त्यांनीं तें आपल्या संचासह मुद्रितहि केलें. पण गाण्याची ताकद ओळखून मोटाउननें वंडर यांची तबकडी आधीं बाजारांत आणली. बेक यांची १९७३ सालीं निघाली, तेव्हां गाणें जगभर वंडर यांचें झालें होतें. बेक यांना याची खंत वाटली, आणि ती अकारण नव्हती. पुढें वंडर यांची एक निराळी, संथ व करुण रचना बेक यांनीं १९७५ च्या ‘ब्लो बाय ब्लो’ या संग्रहांत शब्दांवांचून, केवळ गिटारवर वाजवली. ती त्यांच्या वादनाची एक मोठी खूण ठरली. वचन मोडलें होतें. त्याची भरपाई अंशतः का होईना झाली.

योगायोग येथें नव्हता असें नाहीं. बेक त्या दिवशीं ड्रमपाशीं बसले, हा योगायोगच. पण तो ठेका कानीं पडतांच त्याचें काय करावयाचें हें ज्याला ठाऊक होतें, तो मनुष्य दहा-अकरा वर्षें वाद्यांशीं झुंजत आला होता, आणि आपल्या कामावरचा हक्क त्यानें नुकताच मिळवला होता.