मीठ टाकण्यापूर्वी

मराठीत तिला ‘गाय’ म्हणतात, तर आमचे कानडी मित्र ‘बसवन हुळ’, म्हणजे बसवाचा किडा. डोक्यावरची शिंगे पाहून दोन्ही भाषांना गुरेच आठवली! ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण तर शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. प्राणिशास्त्रात या वर्गाचे नाव ‘उदरपाद’ असेच आहे. इतकी जुनी ओळख असूनही गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक घडली.

आमच्या वर्गाची सहल आंबोलीला गेली होती. हातात भाजलेले कणीस आणि कागदात तिखट-मीठ होते. एका झाडाच्या ओल्या बुंध्यावर गोगलगाय दिसली. वसतिगृहाच्या बागेतील झेंडूची रोपे गोगलगायींनी फस्त केलेली मी पाहिली होती. मागचापुढचा विचार न करता मी कागदातले मीठ तिच्यावर ओतले. मीठ तिच्या ओल्या कातडीतून पाणी ओढून घेते. ती फेसाळली आणि थोड्याच वेळात संपली. सरांनी तो शंख उचलला व एवढेच विचारले, “ही कोण होती, ते तरी पाहिलंस का?”

मी पाहिले नव्हते. त्या दिवशी सरांनी जे दाखवले, ते येथे सांगतो.

प्रथम शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरावे. बहुतेक गोगलगायींचे तोंड उजवीकडे येते. माझ्या हातून मेलेलीचे डावीकडे होते. (देवघरातील दुर्मिळ ‘दक्षिणावर्ती’ शंखही असा धरला तर डावाच ठरतो, आपण तो उलटा धरतो म्हणून नाव वेगळे.) सह्याद्रीत रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, चपटा आणि डाव्या तोंडाचा शंख दिसला, की ‘एरिओफांटा’ ही प्रजाती प्रथम मनात आणावी. तिच्या शेपटीच्या टोकाशी बारीक शिंगासारखा उंचवटा व त्याखाली चिकट द्रव स्रवणारे छिद्र असते. नेमकी जात ठरवण्यास मात्र शंख पुरत नाही. आतील जननेंद्रिये तपासावी लागतात.

दुसरी खूण झाकणाची. घाटातील ‘सायक्लोफोरस’ गोगलगाय अंग आत घेतले की शंखाचे दार गोल झाकणाने बंद करते. तिला शिंगांची एकच जोडी, आणि डोळे शिंगांच्या बुडाशी. एरिओफांटाला दोन जोड्या असतात व डोळे वरच्या जोडीच्या टोकांवर. शिवाय एरिओफांटा उभयलिंगी, तर सायक्लोफोरसमध्ये नर-मादी वेगळे.

आता बागेतली. तिचा शंख उंच, निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा आणि उजव्या तोंडाचा. ही आफ्रिकन गोगलगाय. 1847 मध्ये विल्यम बेन्सन या शंखसंग्राहकाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्याच्या एका बागेत सोडल्या, आणि तेथून तिचा भारतात प्रसार झाला. ती एका वेळी शेकडो अंडी घालते व शेतातले जे मिळेल ते खाते. विशेष म्हणजे, भारतातील कितीतरी देशी गोगलगायींना शास्त्रीय नावे देणारा हाच बेन्सन! (तिला उघड्या हाताने धरू नये, धरलीच तर साबणाने हात धुवावेत. तिच्यातून रोगकारक कृमी पसरू शकतात.)

रानातली गोगलगाय अशी कोठेही जगत नाही. तिला सावली, ओल आणि कुजणारा पालापाचोळा लागतो. उन्हाळ्यात ती फटीत किंवा पाल्याखाली शिरते, शंखाच्या तोंडावर सुकलेल्या चिकट द्रवाचा पातळ पडदा ओढते आणि पावसाची वाट पाहते. झाडे तुटली, पाला झाडून जाळला, की हा आसराच जातो. पंख नाहीत, धावता येत नाही. दुसरे रान गाठायचे कसे?

पाहून झाल्यावर मी तो शंख खिशात घालणार होतो. सरांनी तो पुन्हा पाल्यात ठेवायला लावला. शंख चुन्याचा असतो. अतिवृष्टीने धुपलेल्या तांबड्या मातीत चुना कमी, आणि नव्या गोगलगायींना व अंडी घालणाऱ्या पाखरांना त्याची गरज असते.

बागेतली कीड मारावी लागते, हे खरे. पण मिठाची पुडी सोडण्यापूर्वी शंखाचे तोंड कोणत्या बाजूला आहे, एवढे तरी पाहावे. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.