आधी अंगठा, मग बोटं

अमेरिकेतल्या केंटकीचा गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) याच्या नावाने ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ ओळखलं जातं. यात अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो आणि त्याच वेळी बोटं पातळ तारांवर चाल वाजवतात.

सी कॉर्ड धरा. चार मात्रांना अंगठ्याने पाचवी, चौथी, पाचवी, चौथी तार छेडा. हात आपोआप चालू लागेपर्यंत बोटांना मज्जाव! मग पहिल्या मात्रेला अंगठ्याबरोबरच मधल्या बोटाने पहिली तार घ्या. दुसरी मात्रा अर्धी सरली की तर्जनीने दुसरी तार. इथेच गाडी अडते, कारण अंगठा तर्जनीमागे ओढला जातो. लय इतकी संथ ठेवा की प्रत्येक स्वर सुटा ऐकू येईल. खुद्द ट्रॅव्हिस बहुतेकदा अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच वाजवायचा.