हातचलाखी, भाग ४ : एकवीस पानं, तीन प्रश्न

मागच्या आठवड्यात पत्ते पिसणं आणि काटणं झालं. आज पहिला पूर्ण प्रयोग घेऊ, आणि तोही असा की ज्यात हातचलाखी अजिबात नाही. २१ पानांची जादू घराघरांत कुणाला ना कुणाला येते. मे महिन्याच्या सुट्टीत मामेभावाकडून शिकलेली असते आणि सुट्टीबरोबरच मागे पडलेली असते. मला मात्र नवशिक्यासाठी हिच्याइतका चांगला प्रयोग दुसरा दिसत नाही.

कृती अशी. कॅटमधली कुठलीही २१ पानं घ्या. समोरच्याला त्यातलं एक मनात धरायला सांगा. पानं सुलटी, ओळीत तीन-तीन करत मांडा. सात ओळी झाल्या की तीन उभे रकाने तयार होतात. तुमचं पान कुठल्या रकान्यात आहे, एवढंच विचारा. तो रकाना बाकीच्या दोघांच्या मध्ये येईल अशा बेताने, पानांचा क्रम न मोडता सगळं गोळा करा. पुन्हा मांडा, पुन्हा विचारा. तिसऱ्या खेपेनंतर गोळा केलं की मनातलं पान वरून ११वं. कॅट उलटा धरून मोजलात तरी ११वंच, कारण २१ पानांची बरोबर मधली जागा तीच.

असं का होतं, ते एकदा पत्ते समोर ठेवून पाहा. पहिल्या उत्तराने २१पैकी ७ पानं उरली आणि मध्ये ठेवल्यामुळे ती ८व्या ते १४व्या जागेवर गेली. दुसऱ्यांदा मांडताना ही सातही पानं फक्त तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या ओळीत पडतात. त्यामुळे दुसऱ्या उत्तरानंतर फार तर तीन पानं उरतात, आणि रकाना मध्ये गेल्यामुळे त्यांच्या जागा १०, ११ आणि १२. आता तिसऱ्यांदा मांडा. ही तिघंही एकाच, म्हणजे बरोबर मधल्या ओळीत येतात, पण तीन वेगवेगळ्या रकान्यांत. तिसरं उत्तर त्यातलं एकच पान शिल्लक ठेवतं. जेर्गोन या फ्रेंच गणितज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी २७ पानं घेऊन दाखवलं होतं की रकाना वर, मध्ये की खाली ठेवायचा हे बदललं तर पान हव्या त्या जागी नेता येतं.

हे कळलं की बहुतेक जण शेवटी एक, दोन, तीन करत ११ पानं मोजतात. मला ते अजिबात पटत नाही. तीन वेळा मांडणं म्हणजे ६३ पानं टाकणं, आणि त्यावर पुन्हा मोजणी! पाहणाऱ्याला लगेच कळतं, की हा हिशेब आहे.

त्यापेक्षा असं करा. तिसऱ्यांदा मांडून झालं की तुमची नजर मधल्या ओळीवर असू द्या. समोरच्याने रकाना दाखवला की त्या रकान्यातलं चौथं पान वाचून घ्या. समजा, बदाम सत्ती. तुमचं काम इथेच संपलं, पण त्याच्या लेखी जादू अजून सुरूही झालेली नाही. पानं कशीही गोळा करून त्याच्याच हातात द्या. ‘पिसा. अजून पिसा. समाधान होईपर्यंत पिसा.’ मग पानं सुलटी पसरा, घाई न करता एकेक बाजूला सारा आणि शेवटी बदाम सत्तीवर बोट ठेवा. घरी जाऊन तो सांगेल, ‘पत्ते तर मीच पिसले होते!’

सकाळच्या हार्बरच्या गाडीत, मांडीवर आडव्या ठेवलेल्या बॅगेवर पत्ते खेळणारे ग्रुप अजूनही दिसतात. त्यांच्यापुढे हातचलाखी करायला मोठी छाती लागते, कारण ती मंडळी तुमच्या बोटांवरून डोळे हलवत नाहीत. पण इथे बोटांत पकडण्यासारखं काही नाहीच. जागा कमी असेल तर पानं एकमेकांवर अर्धी चढवून मांडा, मधली ओळ तेवढी दिसली पाहिजे. आणि मांडताना गप्प बसू नका. हात मोकळे असताना बोलायचं कसं, हेच या प्रयोगातून शिकायचं आहे.

पुण्यात रघुवीर भोपळे म्हणजे जादूगार रघुवीर, त्यांचे चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र अशा तीन पिढ्या जादूत गेल्या. तिथे हे बोलणं घरातच कानावर पडतं. नेरूळ-सानपाड्याच्या सोसायटीत गणपतीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या मुलीला ते मुद्दाम कमवावं लागतं. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात जादूचा प्रयोग लागला तर तिने जरूर जावं, आणि जादूगाराच्या हातांपेक्षा त्याच्या बोलण्यातल्या थांब्यांकडे लक्ष द्यावं.

कुणीतरी नक्की विचारेल, ‘मनातलं खरंच कळतं का?’ तेव्हा स्पष्ट ‘नाही’ म्हणा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तिचे कार्यकर्ते गावोगाव बाबांचे चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्तीही उघड करतात. जादूगाराने युक्ती सांगायलाच हवी असं नाही, पण ही युक्ती आहे हे कधीही लपवू नये.

या आठवड्याचा सराव : प्रयोग पूर्ण करा, पण मधल्या ओळीकडे पाहताना मान हलता कामा नये. आरशासमोर बसा. पुढच्या भागात गारुड्याच्या वाट्या आणि गोळ्या घेऊ, तिथे मात्र बोटांना काम आहे.