बळाचा आकडा आणि बुद्धीचा शब्द : भूमिका-क्रीडेतील पात्रगुण आणि तमाशाचा वग

अद्भुतरम्य भूमिका-क्रीडा हा प्रकार मराठी वाङ्मयविचाराच्या कक्षेत अद्याप फारसा आलेला नाही. तो केवळ करमणुकीचा विषय समजला जातो, हे त्याचे एक कारण होय. वस्तुतः या खेळात कथा आहे, पात्रे आहेत, संघर्षही आहे. नाही ती फक्त लिखित संहिता. चार-सहा खेळाडू एकत्र बसतात. प्रत्येकजण एकेक पात्र आपलेसे करतो: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एकजण निवेदक होतो आणि प्रसंग उभा करतो. 'दार बंद आहे, आतून गुरगुर ऐकू येते, काय करता?' असे तो विचारतो आणि खेळाडूंच्या उत्तरांतून कथा पुढे सरकते. संवाद जागच्या जागी घडतात.

या वर्णनातील शेवटची बाब तमाशाच्या अभ्यासकास ओळखीची वाटेल. वगाचे रूप मुळात असेच होते. उमाजी सावळजकर यांचा 'मोहना-बटाव' (१८६५) हा पहिला वग मानला जातो. परंतु त्यानंतरही दीर्घकाळ वगाचे संवाद लिहून काढण्याची रीत नव्हती. सरदाराने कथानकाचा सांगाडा सांगावा, कोण राजा, कोण प्रधान, कोण सोंगाड्या हे ठरावे आणि बोलणे ज्याने त्याने उभ्या उभ्या रचावे, अशी ती पद्धत होती. फडावरचे लोक या सर्वाला 'खेळ' म्हणत आले आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. तेव्हा भूमिका-क्रीडेतील पात्रगुणांचा प्रश्न वगाच्या प्रकाशात तपासून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

हा प्रश्न नेमका काय आहे? गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक पात्रास सहा गुण दिले होते: बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि प्रभाव. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे व त्यांची बेरीज मांडायची. म्हणजे प्रत्येक गुण तीन ते अठरा यांच्या दरम्यान येणार. या योजनेत एक सूक्ष्म विचार दडलेला आहे. तीन फाशांच्या २१६ शक्यतांपैकी अठराची बेरीज एकाच शक्यतेत येते. नऊ ते बारा यांमधील बेरीज मात्र १०४ शक्यतांत, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा येते. बहुतेक माणसे मध्यम असतात आणि भीम क्वचितच जन्मतो, हा लोकानुभव फाशांनी आपोआप सांभाळला जातो. पात्राची विश्वसनीयता येथे गणिताने साधली आहे.

पण तेच गणित खेळाच्या मुळावर येते. एका खेळाडूच्या वाट्यास सोळा-सतराचे आकडे आले आणि शेजारच्याच्या वाट्यास सात-आठचे, तर पहिला पराक्रम करीत राहणार आणि दुसरा त्याच्या पिशव्या वाहणार. वास्तवात असे घडते, हे खरे. परंतु संध्याकाळभर पिशव्या वाहण्यासाठी कोणी खेळायला बसत नाही. म्हणून पुढे दुरुस्त्या झाल्या. चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडून द्यावा, ही त्यांपैकी एक. १९८६ च्या 'गर्प्स' या खेळाने फासे बाजूला सारून प्रत्येकाच्या हाती सारखेच गुणांक ठेवले. हवे त्याने बळ विकत घ्यावे, हवे त्याने बुद्धी. सर्वांना समान भांडवल मिळाले, खेळ न्याय्य झाला. मात्र नशिबाने हाती आलेल्या वेड्यावाकड्या माणसाला समजून घेण्याची गंमत गेली. खेळाडू पात्र घडवू लागला आणि घडवताना हिशेब करू लागला. ही हानी लहान नव्हे. तीन फाशांनी दिलेला दुबळा पण देखणा योद्धा कोणा हिशेबी माणसाला सुचला नसता.

वगात आकडे नाहीत, पण वाटणी आहे. राजाकडे सत्ता असते, तलवार असते, शिक्षा देण्याचा अधिकार असतो. सोंगाड्याकडे यांपैकी काहीच नसते. त्याला बोलण्याची मुभा असते, एवढेच. राजाने विनोद करायचा नाही आणि सोंगाड्याने राज्य करायचे नाही, हा अलिखित नियम होय. ज्याच्या हाती बळ त्याच्या वाट्यास बोलणे मोजके, आणि ज्याच्या हाती काही नाही त्याच्या तोंडी सारा हशा, अशी ही तोलणी आहे. प्रत्यक्ष दरबारात चाकराने राजाला असे बोलणे संभवत नाही. तरीही प्रेक्षक ते मान्य करतो, कारण वाटणी त्याला आधीपासून ठाऊक असते आणि ती मोडली जात नाही. अॅरिस्टॉटलने काव्यात अशक्य पण संभाव्य वाटणारे हे शक्य पण असंभाव्य वाटणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ मानले, ते याच अर्थाने. विश्वसनीयता जगाशी असलेल्या साम्यातून कमी आणि पाळलेल्या मर्यादेतून अधिक निर्माण होते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मधील मांत्रिक याच मर्यादेवर उभा होता: आरंभी दिवसाकाठी एकच मंत्र, आणि तो म्हणून झाल्यावर कोणीही फुंकर मारावी आणि पडावे इतका नाजूक देह. अंगठ्याएवढ्या माणसाने अजगराला निजवले यावर खेळाडू विश्वास ठेवतात. त्याने तो मंत्र दुसऱ्यांदा म्हटला की लगेच हरकत घेतात.

येथे एका मूलभूत भेदाकडे वळावे लागते. सहा गुणांपैकी काही उसने देता येतात, काही देता येत नाहीत. खेळाडू स्वतः कृश असला तरी त्याच्या योद्ध्याचे बळ सतरा असू शकते. दार फोडायचे काम आकडा करतो. तमाशातही लाकडी तलवार पोलादाची होते, साधी खुर्ची सिंहासन होते आणि रंगमंचावर दोन फेऱ्या मारल्या की पुण्याहून सातारा येते. शरीर, वस्तू, अंतर हे सारे संकेताने मिळते. परंतु बुद्धीचा आकडा सतरा असलेल्या पात्राला कोडे पडले, तर ते सोडवायचे कोणी? खेळाडूला सुचले नाही तर पात्र मुके राहते. अबोल खेळाडूने वाक्पटू राजदूत घेतला की तीच अडचण. सोंगाड्याच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. बतावणीत हजरजबाबी असल्याचा संकेत चालत नाही. जबाब हजर असावाच लागतो.

हा भेद ध्यानात घेतला म्हणजे १९७८ सालच्या एका नियमाचे वैगुण्य उघड होते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या त्या वर्षीच्या प्रगत आवृत्तीत, खेळाडूंसाठीच्या ग्रंथात, मानवी स्त्री-योद्ध्याच्या बळाला पुरुषापेक्षा खालची कमाल मर्यादा घातली होती. त्याचे समर्थन वास्तवाच्या नावाने होत असे. ज्या जगात ड्रॅगन उडतात आणि मेलेली माणसे उठून चालतात, तेथे वास्तवाची आठवण नेमकी बाईच्या दंडाशी यावी, हे विलक्षणच. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ही मर्यादा वगळण्यात आली.

लोकरंगभूमीने हा प्रश्न कधीच निकालात काढला होता. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर हे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांचे गाव. तमाशाशी त्याचे नाते जुने आहे. ज्येष्ठ कलावती कांताबाई सातारकर (१९३९–२०२१) यांचे वास्तव्य येथेच होते आणि त्यांचा अंतही येथेच झाला. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार लाभलेल्या या कलावतीने वगातील पुरुषभूमिकाही गाजवल्या. शिवाजी महाराजांची भूमिका ही त्यांतील विशेष नावाजलेली. यात्रेतल्या प्रेक्षकाने कलावतीच्या बाहूंचे माप घेतले नाही. त्याने पाहिली ती चालण्यातली जरब, ऐकला तो शब्दाचा ठाम उच्चार. बळ त्याने स्वतः उसने दिले. जरब मात्र कांताबाईंनाच आणावी लागली. भरताच्या नाट्यशास्त्रात अनुरूपा, विरूपा आणि रूपानुरूपा असे भूमिकांचे प्रकार सांगितले आहेत. नटाचे रूप आणि पात्राचे रूप एक असलेच पाहिजे, हा आग्रह आपल्या नाट्यविचारात आरंभापासूनच नाही. गवळणीतील मावशी पुरुषाने करावी आणि तीच मावशी साऱ्या फडाने मावशी म्हणून स्वीकारावी, हा त्याच समजुतीचा दुसरा भाग.

अर्थात वगाची वाटणी आदर्श होती असे नव्हे. फडावर कोणाच्या वाट्यास राजा यावा आणि कोणी आयुष्यभर शिपाईच राहावे, हे गुणांवरच ठरत असे असे मानण्याचे कारण नाही. बाहेरच्या जगातील जात, वय आणि मान यांचे भार फडावरही येत. समान गुणांक वाटणाऱ्या खेळाची न्यायबुद्धी येथे उजवी ठरते.

उरतो प्रश्न बुद्धीचा. नव्या खेळांनी त्यावर फाशांचाच उपाय योजला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत मन वळविण्याच्या कौशल्याला स्वतंत्र आकडा आला; खेळाडूने काही न बोलता फासा टाकावा आणि पहारेकरी वळला असे निवेदकाने सांगावे, हे नियमाने शक्य झाले. अबोल खेळाडूची सोय झाली, पण त्या प्रसंगी कथेत ऐकण्यासारखे काही उरले नाही. अनेक निवेदक म्हणून मधला मार्ग धरतात: खेळाडूने आधी चार शब्द बोलावेत, मग त्या बोलण्याचे बरे-वाईट पाहून फाशाला सवलत द्यावी.

तमाशाचा मार्ग याहून वेगळा आहे आणि तो अधिक बारकाईने अभ्यासावा असा आहे. बतावणीतील सोंगाड्या एकटा कधीच नसतो. त्याच्यासमोर सरदार असतो आणि सरदाराचे काम सरळ प्रश्न विचारण्याचे असते. प्रश्न नेमका, किंचित मूर्खपणाचा आणि वेळेवर आला की उत्तराला जागा मिळते. प्रश्न चुकला की उत्तम सोंगाड्याही पडतो. हशा सोंगाड्याच्या नावावर जमा होतो, परंतु त्यातील अर्धी कमाई प्रश्न विचारणाऱ्याची असते, आणि हे फडातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आकड्याने जी बुद्धी उसनी देता येत नाही, ती सोबतचा खेळाडू काही अंशी देऊ शकतो, ती अशी.