घोड्यांचा शल्यचिकित्सक घडतो कसा?
मालवणच्या विद्यार्थ्याला घोड्यांचा शल्यचिकित्सक व्हायचे असेल, तर गाव सोडावेच लागते. इथल्या गोठ्यांत गाय, म्हैस, शेळी दिसते, घोडा क्वचितच. आधी ‘नीट’, मग 1886 साली सुरू झालेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा तसे दुसरे, आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची पदवी आणि पुढे शल्यचिकित्सेत दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. तरीही माझ्या मते खरी तयारी हाताची असते. अमेरिकेत तज्ज्ञ म्हणून मान्यता मिळवायला किमान तीन वर्षांची निवासी उमेदवारी आणि शस्त्रक्रियांची नोंदवही लागते, ती उगाच नव्हे.

गुरांवर हात बसला की घोडाही जमेल, असे कोणी म्हणेल. टाके घालणे, ऊती जपणे तिथे नक्कीच शिकता येते. पण गायीचे पोट बहुधा ती उभी असतानाच, जागा बधिर करून उघडतात. आतड्याला पीळ पडलेल्या घोड्याला मात्र पूर्ण भूल देऊन उताणे निजवावे लागते. शुद्धीवर येताना धडपडून तो पाय मोडून घेऊ शकतो. निरोगी घोड्यांतही भुलीनंतर दगावण्याचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आढळले आहे. म्हणून विद्यार्थिदशेतच महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरील पशुवैद्यांसोबत पोटशुळाचे आणि लंगडणारे घोडे पाहण्याची संधी मिळवावी.