एकटीचं आणि चाळिसांचं घर

"वर्षभर मी एकटी आणि गणपतीत चाळीस," असं काकूंनी पहिल्याच भेटीत आर्किटेक्टला सांगितलं होतं. हे वाक्य माझ्या कानावर आलं आणि लांज्याजवळच्या त्या गावी जायचं मी ठरवलं. जुन्या मातीच्या घराची एक भिंत पावसात खचली, त्याच जागेवर नवं घर उभं राहणार आहे. एका माणसाला खायला न उठणारं आणि चाळिसांना अपुरं न पडणारं घर कागदावर उतरतं कसं, हे मला बघायचं होतं.

काकूंच्या डोंबिवलीच्या मुलाने तालुक्याहून एक नकाशा आधीच काढून आणला होता. चार बेडरूम, चारही अटॅच्ड, वर स्लॅब. 1972च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, पण नकाशा काढून द्यायला कोणी अडवत नाही. त्यामुळे शहरातल्या फ्लॅटचीच नक्कल गावोगाव उभी राहते. रत्नागिरीहून आलेल्या आर्किटेक्टबाईंनी तो नकाशा बाजूला सारला नाही. त्यावर बोट ठेवून मुलाला विचारलं, "गणपती झाले की यातल्या किती खोल्यांना कुलूप?"

"तीन."

"इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बंद खोलीत गाद्यांना बुरशी येणार, चौकटींना वाळवी लागणार. पुढच्या गणपतीचा पहिला दिवस खोल्या धुण्यात जाईल."

मुलगा गप्प झाला. स्लॅबचं बोलणं मात्र बराच वेळ चाललं. त्याला गच्ची हवी होती. बाईंनी त्याला रस्त्यावरची घरं आठवायला सांगितली: स्लॅब गळायला लागला म्हणून वर लोखंडी खांब रोवून पत्रे घातलेली. एका घराला दोन छपरांचा खर्च. कोकणात हे दृश्य इतकं सवयीचं झालं आहे की त्यात काही चुकतंय असं आपल्याला वाटतही नाही. शेवटी उतरतं कौलारू छप्पर ठरलं आणि त्याच्या पोटात माळा. चाळीस जणांची अंथरुणं माळ्यावर राहतील, पोरंटोरं तिथेच झोपतील. बेडरूम दोन उरल्या.

उरलेली जागा पडवीला गेली. बाईंनी ती पंगतीवरून मोजली, आणि हे मला फार आवडलं. एका पानाला दोन फूट. समोरासमोर दहा-दहा पानं, मधून वाढणाऱ्याला वाट. चाळीस माणसं दोन पंगतींत उठतील. म्हणून लांबी बावीस फूट, रुंदी दहा. "आणि बाकीच्या दिवसांत?" मी विचारलं. काकूच बोलल्या, "भात वाळवीन, आमसुलं वाळवीन, पावसात कपडे. पडवी कधी रिकामी असते का?"

भिंतींना जांभा. तिरुवनंतपुरमला स्थायिक झालेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर गांधीजींचा एक विचार नेहमी सांगत: घर पाच मैलांच्या परिसरात मिळेल त्या सामानाचं असावं. इथे चिरेखाण त्याहून जवळ आहे. ताजा काढलेला चिरा मऊ असतो, उन्हावाऱ्यात ठेवला की कडक होतो. पण पाणी तो पितोच. म्हणून पश्चिमेच्या अंगाला छप्पर भिंतीच्या बरंच पुढे ओढलं आहे. जुन्या घराचे फणसाचे खांब चांगले निघाले, ते पडवीला लागतील.

मग फक्कीने जमिनीवर आखणी झाली, आणि तिथे जे घडलं ते माझ्या मनातून जात नाही. पांढऱ्या रेघांनी आखलेल्या स्वयंपाकघरात बाईंनी काकूंना उभं केलं. "काकू, पोळी लाटताय असे हात धरा." जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली. पस्तीस इंच. त्यातून पाच वजा करून त्यांनी वहीत लिहिलं, ओटा 30 इंच.

गवंडी मध्ये पडला. "मॅडम, ओटा 33चा असतो. सगळीकडे 33च करतो आपण."

"यांची उंची सगळ्यांएवढी आहे का?"

काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चाळीस वर्षं पाटावर उभी राहून लाटत आले मी." जुन्या घरातला तो पाट मी नंतर पाहिला. मधोमध झिजून त्याला खळगा पडला होता. एवढ्या वर्षांत त्या घरातल्या कोणालाच, आणि ओटा बांधणाऱ्यालाही, ही मोजणी सुचली नव्हती. मला त्या टेपचा आदर वाटला आणि त्या पाटाचा राग आला.

गवंड्याची हरकत मात्र खोटी नव्हती. गणपतीत सुना येणार, त्या उंच, 30च्या ओट्यावर त्यांची पाठ मोडणार. बाईंनी थोडा वेळ विचार केला आणि मागच्या पडवीत चुलीशेजारी दुसरा ओटा आखायला लावला. तो 33चा. चाळिसांचा स्वयंपाक तसाही मागेच होतो. गवंडी खूश झाला. त्यानेच पुढे सुचवलं की मोठं पातेलं ठेवायला तिथे चिऱ्याचा बुटका कट्टा करू.

काकूंची अजून एक मागणी निघाली. स्वयंपाकघरात विळीवर बसल्या की त्यांना बेडं, म्हणजे आवाराचं फाटक, दिसायला हवं, कोण आलं ते कळायला. मग तिथल्या खिडकीची खालची कड अठरा इंचांवर आली.

फीवरून मुलगा कुरकुरतो. "तेवढ्यात एक बाथरूम झालं असतं," असं तो मला म्हणाला. त्याचं मन मला समजतं, पैसे कर्जाचे आहेत. पण त्याच बाईंनी दोन बाथरूम आणि एक स्लॅब वाचवला, हा हिशोब तो मांडत नाही. विचारण्याची आणि मोजण्याची मजुरी आपल्याला मजुरी वाटत नाही.

मुलाच्या नकाशातला जिना अजून तसाच आहे. माळ्यावर जायला तो घरातून हवा, असं त्याचं म्हणणं. काकूंना तो पडवीतून हवा, म्हणजे पोरांच्या धावपळीत माजघरातल्या गणपतीला धक्का लागणार नाही. हे ठरलं की चिऱ्यांची शेवटची संख्या निघेल. खाणवाला रोज फोन करतोय. जोतं पावसाआधी पुरं व्हायला हवं.